टाळीची जागा

नाटक कंपनीत त्याला सगळे बुलंद म्हणत. आवाजच तसा होता, शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्यालाही दचकून जाग यावी असा. उभी हयात त्यानं सेनापती, न्यायाधीश, जमीनदार असल्या भारदस्त भूमिकांत काढली होती. त्याचा व्याहीही त्याच कंपनीत होता. नव्या पोरांना शब्द कसा फेकायचा ते शिकवायचा, म्हणून तो मास्तर. बुलंद गोरा, मास्तर काळा. तरुणपणी दोघं एकाच आरशासमोर रंग लावायला बसत. पुढे बुलंदच्या मुलीनं मास्तरच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा आता एकमेकांना अहो-जाहो करा, असं दोघांच्या बायकांनी बजावलं. दोघांनी काही दिवस नेटानं केलंही. मग एकदा ऐन प्रयोगात मास्तर विंगेतून ‘अहो, आपली मिशी सुटतेय’ म्हणाला, बुलंदला हसू आवरेना, आणि ते खूळ तिथंच संपलं.

त्यांच्या आजोबांच्या काळात त्या देशात एक कायदा होता. काळ्यांनी कुठं राहायचं, कुठल्या दारानं आत शिरायचं, कुणाशी लग्न करायचं नाही, सगळं त्यात लिहिलेलं. तो कायदा आणणारा प्रधान आणि त्याच्याविरुद्ध उभा राहून तुरुंगात मेलेला पुढारी, यांच्यावर कंपनीनं नाटक बसवलं. प्रधान बुलंदकडे आला, पुढारी मास्तरकडे. तो कायदा टिकला असता तर आपला नातू जन्मालाच आला नसता, असं मास्तर तालमीत म्हणाला. त्यावर बुलंदनं प्रधानाच्या सुरात, तेवढीच दोन्ही घरांना झोप तरी मिळाली असती, असं उत्तर दिलं.

बुलंदनं प्रधान राक्षसासारखा रंगवला नाही. घरातल्या समजूतदार वडीलधाऱ्यासारखा रंगवला. मवाळ बोलणं, मधूनच चष्मा पुसणं. पुढाऱ्यावरच्या खटल्याच्या प्रवेशात प्रधान स्वतः साक्षीला येतो आणि म्हणतो, “घर एकच असलं तरी खोल्या वेगळ्या असतात. ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत सुखानं राहावं. यात द्वेष कसला?” हे वाक्य आलं की प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू येई. प्रयोग संपल्यावर लोक मास्तरला मिठी मारत आणि बुलंदची नजर टाळून बाहेर पडत. बुलंदला याहून मोठी शाबासकी नको होती.

पुढे दिवस पालटले. कारखाने बंद पडले, हातांना काम उरलं नाही, आणि हे सगळं कुणामुळे झालं ते सांगणारा एक पक्ष गल्लोगल्ली फिरू लागला. तो निवडून आला. त्याच सुमारास एका प्रयोगात खोल्यांच्या वाक्यावर मागच्या रांगेतून टाळी पडली. पुढच्या प्रयोगात अर्धं प्रेक्षागृह वाजलं. मग ती टाळी ठरूनच गेली.

पहिल्यांदा बुलंद दचकला होता. पण नटाची जात टाळीची भुकेली. मन नको म्हणत असलं तरी अंगावर मूठभर मांस चढायचंच. हळूहळू तो त्या वाक्यानंतर चष्मा काढायला लागला, काच निवांत पुसायला लागला.

एके दिवशी रंग उतरवताना मास्तर आरशातूनच त्याला म्हणाला, “तू थांबतोस.”

“कुठं?”

“खोल्यांच्या वाक्यानंतर. आधी थांबत नव्हतास.”

टाळीवर बोललं तर पुढचं वाक्य वाया जातं, हे तूच पोरांना शिकवतोस ना, असं बुलंदनं सुनावलं.

“ते तंत्र झालं,” मास्तर म्हणाला. “पण मी समोर पिंजऱ्यात उभा असतो. मला तुझा चेहरा दिसतो.”

बुलंदला हे लागलं. आठवड्याभरात त्यानं ती भूमिका मुद्दाम पाडायला सुरुवात केली. ते वाक्य गिळून टाकायचं, पाठ केलेलं उत्तर देणाऱ्या पोरासारखं सपाट म्हणायचं, प्रेक्षकांकडे पाठ फिरवून म्हणायचं. टाळी तसूभरही कमी झाली नाही. ती त्याच्या अभिनयाला नव्हतीच. आधी लाज वाटत होती, आता अपमानही वाटू लागला, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. कंपनीचा मालक मात्र खूश होता.

एका प्रयोगाला मास्तरचं पिंजऱ्यातलं भाषण सुरू झालं आणि खालून हुर्यो उठली. लोक खुर्च्यांवर चढले. मास्तर बोलत राहिला. सज्जातून बाटली आली आणि त्याच्या भुवईवर फुटली. रक्त डोळ्यात उतरलं तरी त्यानं कठड्यावरचा हात सोडला नाही. बोलतच होता, पण ओठ तेवढे हलताना दिसत होते.

बुलंद साक्षीदाराच्या खुर्चीतून उठला. हा माझा व्याही आहे, याला हात लावाल तर याद राखा, असं काहीतरी त्याला ओरडायचं होतं. तोंडातून निघाला तो प्रधानाचा आवाज, शांत आणि जरबेचा.

“खाली बसा. आरोपीला बोलू द्या.”

आणि लोक बसले. शाळेतल्या पोरांसारखे, निमूट. एकजण म्हणाला, “जशी आज्ञा, साहेब,” आणि दोघंचौघं कौतुकानं हसले. मास्तरनं बाहीनं डोळा पुसला, भाषण शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं. कुणी चकार शब्द काढला नाही.

दवाखान्यात भुवईला टाके पडले. बाहेरच्या बाकावर विहीणबाई बुलंदचा हात धरून, तुम्ही होता म्हणून, तुम्ही होता म्हणून, एवढंच म्हणत राहिल्या. मास्तर पट्टी बांधून बाहेर आला आणि बाकावर टेकला.

“माझं भाषण आज तुझ्या परवानगीनं झालं,” तो म्हणाला.

“मग काय करायचं होतं? मारू द्यायचं होतं तुला?”

मास्तरनं पट्टी चाचपली. “मला ठाऊक नाही. जीव वाचवलास हे खरंच आहे. पण माझ्याच्यानं आता तिथं उभं राहवणार नाही.”

बुलंदनंही पुन्हा त्या नाटकाचा रंग लावला नाही. मालकानं दुसरा प्रधान आणला, सुमार नट, आवाजात दम नाही. पुढाऱ्याचं भाषण कापून टाकलं. नाटक जोरात चाललं. पक्षाचे दोघेजण बुलंदच्या घरी आले, सभेत येऊन खोल्यांचं तेवढं बोला म्हणाले. ते लेखकानं लिहिलेलं वाक्य आहे, मी ते खोटं आहे म्हणून बोलत होतो, असं त्यानं सांगितलं. ते नम्रपणे म्हणाले, “असेल. आम्हाला खरं वाटलं.” त्यानं दार लावून घेतलं. ते वाक्य तरीही भिंतीभिंतींवर रंगवलं गेलं, मुलीच्या घरासमोरच्या भिंतीवरही.

मुलगी, जावई, नातू आणि मास्तरचं घर, सगळे सीमेपलीकडे निघाले तेव्हा बुलंद आणि त्याची बायको निरोपाला बस थांब्यावर गेले. मुलीनं आईला, पाठोपाठ या, असं सांगितलं. वडिलांकडे पाहून ती पिशव्या मोजू लागली. मास्तरनं बुलंदला मिठी मारली, पण घाईत, बस चुकेल म्हणून मारावी तशी.

आता मुलीचा फोन येतो. बायको बोलते, नातू दोन शब्द बोलतो. मास्तर तिथं पोरांना वाचन शिकवतो, त्याच्या डोळ्याला अजून पाणी येतं, हे बुलंदला बायकोकडून कळतं. त्याला फोन द्यायला ती हात पुढे करते. तो घेतो, कसा आहेस विचारतो, पलीकडून मास्तरचं, बरा आहे, तू कसा आहेस, असं येतं. तेवढ्यावर फोन पुन्हा बायकांच्या हातात जातो.