उजव्या मांडीतील एका पेशीची कैफियत

मित्रांनो, कपाटे वाहणाऱ्या एका हमालाच्या उजव्या मांडीत त्याच्या जन्मापासून राबणारी मी एक जुनी स्नायुपेशी आहे. नुसत्या डोळ्यांना मी दिसणार नाही. परंतु माझ्या उदरात असंख्य तंतुकणिका नांदतात. रक्त मला ग्लुकोज व ऑक्सिजन आणून देते, त्यांतून तंतुकणिका विपुल ऊर्जा निर्माण करतात आणि मागे केवळ पाणी व कार्बन डायऑक्साइड उरतो. यास ऑक्सिश्वसन म्हणतात. तो हमाल, म्हणजे माझा मालक, चालतो, लेकीला पाठीवर घेतो, ते याच बळावर.

एके सकाळी मालक आणि त्याचा मेहुणा एक लोखंडी कपाट चौथ्या मजल्यावर चढवीत होते. मालक वरच्या बाजूस, उलट्या पावलांनी, मेहुणा खाली. त्यांच्या धंद्यात जो आधी "टेक", म्हणजे ओझे खाली ठेव, असे म्हणेल, त्याची आठवडाभर थट्टा होते. सबब दोघेही हूं की चूं करीत नव्हते.

तिसऱ्या मजल्याशी मला ऑक्सिजन अपुरा पडू लागला. तेव्हा मी विनॉक्सिश्वसनाचा आश्रय घेतला. त्यात ग्लुकोजचे विघटन अर्धवटच होते. ऊर्जा तत्काळ मिळते, पण अत्यल्प, आणि लॅक्टिक आम्ल साचत जाते. शेजारणींचीही तीच गत झाली. मांडी पेटली, थरथरू लागली. मालकाचा पाय लटपटला असता, तर कपाट थेट मेहुण्याच्या छातीवर गेले असते. एवढे भय मी जन्मात अनुभवले नव्हते.

"काय भावोजी, घाम फुटला का?"

"तू तुझं बघ!"

आणखी चार पायऱ्या. जिन्याचे वळण आले आणि मालकाचा गुडघा वाकला.

"टेक! टेक रे बाबा!"

कपाट टेकले. मेहुणा मटकन खाली बसला आणि हसत सुटला. "अहो, दुसऱ्या मजल्यापासून वाट बघतोय, तुम्ही कधी म्हणताय त्याची!"

"मग तूच म्हणायचंस की, शहाण्या!"

"आणि आठवडाभर तुमची बोलणी कुणी खायची?"

दोघेही धापा टाकीत होते. प्रत्येक श्वासागणिक मला ऑक्सिजन मिळू लागला, आम्ल ओसरू लागले, तंतुकणिका पुनश्च जोमाने कामास लागल्या. कपाट सुखरूप वर पोहोचले. तेव्हापासून हे दोघे दर वळणावर टेकतात. "टेक" मात्र दोघे एकदमच म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या पोटऱ्यांतही माझ्या भगिनी आहेत. धावताना त्या जळजळू लागल्या, तर त्यांना कामचुकार समजू नका. क्षणभर थांबा, पोटभर श्वास घ्या. आम्हाला तुमच्यासोबत अजून पुष्कळ जिने चढायचे आहेत.