तात्यांचा ‘हं’

भिमाजी तात्यांचं सगळं बोलणं एका ‘हं’मध्ये आटोपायचं. बायको नवसाबाई चुलीपुढून काहीबाही सांगत राहायच्या आणि तात्या ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधता बांधता ‘हं’ म्हणायचे. मोठ्यानं बोलले ते एकदाच. लेकानं, महेशनं, घरी न विचारता शुभांगीशी लग्न केलं तेव्हा. "या घरात पाय ठेवायचा नाय," म्हणाले. कमी बोलणाऱ्याचा शब्द फार लागतो.

महेश नाशिकला मोबाइल कंपनीत होता. इगतपुरीकडच्या, म्हणजे त्याच्या गावाकडच्याच, टॉवरला जोडणाऱ्या लिंकवर एका वेळी किती फोन मावतील, हे तो ठरवायचा. आवाजाची बारीक पॅकेटं करून पाठवायची नवी पद्धत आली होती. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. मग ऐकणाऱ्याची शांतता पाठवायचीच कशाला? त्या जागेत आणखी फोन बसवायचे. दोन हजार सातच्या पावसाळ्यात लिंक गच्च भरली, नवी काही मिळेना. महेशनं शांततेची मर्यादा वर सरकवली. बारीक आवाज म्हणजे गप्पच, तो पाठवू नका; पलीकडच्या कानात यंत्रानंच हलकी सूं सूं भरावी. साहेबांनी पाठ थोपटली.

भाद्रपदात तात्यांनी अंथरूण धरलं. नवसाबाईंनी महेशला फोन लावला, तात्यांच्या कानाशी दिला आणि पेज आणायला आत गेल्या.

"तात्या, चुकलं माझं. शुभांगीला घेऊन घरी येऊ का?"

पलीकडून नुसती सूं सूं.

"तात्या, येऊ ना?"

पुन्हा तेच. मौन म्हणजे संमती, असं जग म्हणतं. पण महेशला बापाचा राग ठाऊक होता. त्यानं फोन ठेवला आणि तो गेला नाही.

त्याच आठवड्यात तात्या गेले.

सावडून आल्यावर नवसाबाईंनी त्याला जवळ बसवलं. "का रं नाय आलास? तू इचारलं, ते हं म्हनले. दोनदा म्हनले, बारीक आवाजात, पन मी दारातनं आयकलं. मग मला म्हनले, पोरं येत्यात. दाराकडं तोंड करून निजले, ते तसेच."

महेशला फोनवरची ती सूं सूं आठवली. बापानं माफ केलं होतं, आणि ती माफी महेशनंच वर सरकवलेल्या मर्यादेत अडली होती.

कामावर गेल्यागेल्या त्यानं मर्यादा खाली आणली. शेजारी बसणारी दिशा घाबरली. "सर, लिंक भरेल. लोकांचे फोन लागणार नाहीत."

"नाही लागले तर पुन्हा लावतील," महेश म्हणाला.

मग त्यानं घरी फोन लावला.

"कोन? महेश का?"

"हं," महेश एवढंच म्हणाला.

पलीकडून नवसाबाईंचा हुंदका आला. अगदी बारीक होता, पण आला.