लॅपटॉपला वाहिलेलं कुंकू

माझ्या घरात वस्तूला सहजासहजी मरण नाही. विहिरीवरची मोटर तीनदा जळाली, तीनदा भरून आणली. फवारणीचा पंप, मिक्सर, बायकोचा चष्मा, सगळं डागडुजीवर चाललेलं आहे. पिंपळगावातले लोक मला चिंगूस म्हणतात. म्हणोत बापडे. पोराच्या बंद लॅपटॉपवरून दुर्गाबाईचं आणि माझं वाजलं ते यामुळंच. ती म्हणायची, नवा घ्या, साधा, स्वस्तातला का असेना. मी म्हणायचो, आधी दुरुस्तीला टाकू.

दुर्गाबाई माझी बायको. लॅपटॉप बिघडला होता तिच्याच हातानं. निदान आम्हा दोघांना तसंच माहीत होतं.

आमचा एकुलता एक कल्याण पुण्याच्या कंपनीत आहे. कोरोनात बायको-पोरीला घेऊन घरी आला तो इथंच राहिला. माडीवरच्या खोलीत बसून काम करायचा. खाली मिरचीची पोती भरणं चालू आणि वरून त्याचं इंग्रजी ऐकू यायचं. प्रियदर्शनी, म्हणजे सून, दुर्गाबाईला टीव्ही लावून द्यायची आणि नात अंगणभर हुंदडायची. पिंपळगावात माझ्याएवढा श्रीमंत माणूस नव्हता.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. विळे, खुरपी, कुऱ्हाड, ट्रॅक्टरची किल्ली. कल्याण आंघोळीला गेला होता तेवढ्यात दुर्गाबाईनं पोराचं हत्यार म्हणून लॅपटॉप खाली आणून पाटावर मांडला. झाकलेल्याची पूजा कशी करायची, म्हणून उघडला. हळद-कुंकू वाहिलं आणि आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलं. बाईचा हात पहिल्यापासून सढळ. लॅपटॉप जो बंद पडला तो पडलाच.

कल्याण तिला एका शब्दानं बोलला नाही. दसरा झाल्यावर लॅपटॉप घेऊन जालन्याला गेला आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आला. म्हणाला, आतला बोर्डच गेलाय, आता काही होणार नाही. कंपनी दुसरा द्यायला तयार आहे, पण ऑफिसात येऊन बसलं तर. दिवाळीच्या आत तिघंही पुण्याला गेले. लॅपटॉप कल्याणचा स्वतःचा, तो बंद म्हणून माडीवरच्या कपाटात राहिला.

तेव्हापासून दुर्गाबाई विजेवरच्या कशालाही हात लावेना. मिक्सर असून वाटण पाट्यावर. टीव्हीचं बटण मी दाबायचं. पोराचा फोन आला की मोबाईल मी धरायचा आणि ती दोन्ही हात पदरात गुंडाळून लांबून बोलायची. म्हणायची, माझा हात लागला की सगळं बंद पडतं. मी चिडून म्हणालो, याच हातानं जन्मभर भाकरी थापल्यास, त्या काय बंद पडल्या का? ती हसली नाही. पूर्वी अशा बोलण्यावर हसायची.

तिचा हिशेब साधा होता. घरात लॅपटॉप आला की पोराला तिकडं राहायचं कारण उरत नाही. माझाही हिशेब तोच होता, फरक फक्त नव्या-जुन्याचा. शेवटी पौषात मिरचीचं काम सरल्यावर मी तो फडक्यात गुंडाळला, पिशवीत घातला आणि जालन्याची एसटी धरली.

जालन्यात अंकितचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याचे वडील लालचंदशेठ आमच्या बाजारात मिरची घ्यायचे, तेव्हापासूनची ओळख. बायकोचा शब्द राखायचा म्हणून आधी मी स्वस्तातले नवे दाखवायला सांगितले. अंकितनं एक काढला. पोरांच्या अभ्यासाला चालेल, पण कल्याणदादाच्या कामाला हा नाही पुरायचा, असं सरळ सांगितलं. मला मनातून बरंच वाटलं. मग मी फडकं सोडलं.

त्यानं लॅपटॉप उलटसुलट पाहिला. बिजागरीत अजून कुंकू अडकलेलं होतं. चार्जर लावून त्यानं बटण दाबलं आणि पडद्यावर नातीचा पेरू खातानाचा फोटो आला.

मी खुळ्यासारखा बघत राहिलो. विचारलं, एवढ्यात दुरुस्त केलास?

"याला काही झालेलंच न्हाई काका," अंकित म्हणाला. "दसऱ्यानंतर दादा आल्ता ना. पाण्यानं कीबोर्ड गेल्ता, तो त्याच दिवशी बदलून दिला. बिलकुल चालू करून घेऊन गेला. बॅटरी उतरली व्हती, दुसरं काय."

 माझ्या तोंडाकडं बघून तो चहा मागवू का म्हणाला. मी नको म्हणालो. तो चार्जर त्यानं माझ्या पिशवीत घातला आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत.

एसटीत बसल्यावर पहिल्यांदा संताप आला. पोरीच्या शाळेसाठी जातो म्हणाला असता, बायकोला इथं करमत नाही म्हणाला असता, तर मी स्वतः त्यांची बोचकी उचलून गाडीत ठेवली असती. पोरं जातात, त्याचं एवढं काही नाही. पण जाताना यानं आईच्या हातांवर ठपका ठेवला आणि ती माउली ते हात पदरात लपवून बसली. बोलायचं धाडस नव्हतं, मग तिच्या पूजेच्या आड लपला. माझं लेकरू असं वागलं.

आता तिला काय सांगायचं? खरं सांगावं तर तिचे हात सुटतील, पण पोरगा मनातून उतरेल. न सांगावं तर पोरगा जागेवर राहील आणि हात तसेच पदरात. भोकरदन येईपर्यंत काही सुचलं नाही. शेवटी म्हटलं, दुरुस्त झाला एवढंच सांगावं. तेवढं काही खोटं नाही.

ती ओट्यावरच बसली होती. मी लॅपटॉप बाजेवर ठेवला, चार्जर लावला, चालू करून दाखवला. नातीचा फोटो बघून तिचं तोंड असं फुललं की मला बघवेना. म्हणालो, बिघाड छोटाच होता. तिनं विचारलं, किती घेतले? माझ्या तोंडून निघून गेलं, काहीच नाही. ती जरा माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, त्याला फोन लावा.

मी टाळायला हवं होतं. पण लावला आणि मोबाईल तिच्यापुढं धरला.

"कल्याण, लॅपटॉप चालू झाला रे," ती म्हणाली. "तुझ्या अण्णांनी अंकितकडून आणला. आता या घरी."

  काय बिघडलं होतं, कसा दुरुस्त झाला, एका शब्दानं त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "आई, पोरीचं नाव इथल्या शाळेत टाकलं. उन्हाळ्यात बघू."

"बराबर हाये," ती म्हणाली. "जेवला का तू?"

फोन ठेवल्यावर ती नातीच्या फोटोकडं बघत बसली. मी काही सांगितलं नव्हतं, पण तिला सगळं कळलं होतं. सावकाश तिनं पदरातून हात बाहेर काढले. पडद्यावरून एकदा बोटं फिरवली, लॅपटॉप झाकला आणि त्याच फडक्यात गुंडाळायला लागली. मला वाटलं ती रडेल. रडत मीच होतो.

"उद्या त्याला फोन करा," ती म्हणाली. "सांगा, परत बंद पडला. आईनं हात लावला म्हणून."

"खोटं काहून सांगायचं?"

"त्याला घरी यायला तोंड राह्यलं पाहिजे ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला आणि तिनं सांगितलं तसंच बोललो. मोबाईल मात्र या वेळी तिनं धरला होता.