तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलवर आलेला आळ

मी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका. गाडीचं बॉनेट उघडा, इंजिनावरचं काळं प्लास्टिकचं झाकण काढा आणि ओळीनं बसलेल्या आम्हा चौघी बहिणींकडे बघा. त्यांतली एक मी. जातीनं इग्निशन कॉइल.

चेहरा कोरा झाला ना? होतोच. गाडीला चाकं असतात, स्टिअरिंग असतं, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण बॅटरीचे जेमतेम बारा व्होल्ट घेऊन त्यांचे हजारो व्होल्ट कोण करतं? मी करते. माझ्याखाली एक खोल भोक असतं आणि त्याच्या तळाशी प्लग. मी वीज द्यायची, त्यानं ठिणगी पाडायची, की पेट्रोल पेटतं आणि गाडी पळते. तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर बसून हे काम मिनिटाला शेकडो वेळा करावं लागतं. लोक मात्र कौतुक करतात सीट कव्हरचं.

जन्म कारखान्यातला. तांब्याची केसाएवढी बारीक तार गुंडाळून गुंडाळून मला घडवलं आणि एका चंदेरी गाडीत तिसऱ्या सिलिंडरवर बसवलं. पहिली मालकीण एक नर्स होती. ती निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेली आणि गाडी न्यूयॉर्कजवळच्या पार्सिपनी गावातल्या उल्हास आणि रेणूकडे आली. उल्हास नागपूरचा. त्याचं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये, जाणं-येणं बसनं. त्यामुळे घरात गाडी एकच, आणि ती बहुतेक रेणूच्या हातात.

रेणू पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. इथे आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची सोय नाही. सात वर्षं ती आम्हाला घेऊन इंडियन ग्रोसरीत गेली, लायब्ररीत गेली, उल्हासला बसस्टॉपवर सोडून परत आली. शेवटी वर्क परमिट मिळालं. मग गाडी पार्किंगमध्ये उभी करून ती मुलाखतीची उत्तरं मोठमोठ्यानं म्हणायची. माझी पाठ झाली होती, खरंच सांगते. पन्नास मैलांवरच्या वेस्ट विंडसरमधल्या एका रिसर्च कंपनीनं तिला घेतलं, त्या दिवशी तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मनसोक्त रडून घेतलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी तिला रुजू व्हायचं होतं.

आणि नेमकी खंडेनवमी आडवी आली.

या दिवशी आपल्याकडे अवजारं आणि वाहनं धुऊन पुजतात. उल्हासला उत्साह आला. "सोमवारी रेणू हीच घेऊन जाणार, एकदम टकाटक करून टाकतो," असं म्हणत त्यानं बाहेरून गाडी धुतली, तिथवर ठीक होतं. मग या गड्यानं बॉनेट उघडलं, आमच्यावरचं झाकण काढलं आणि देवाला अभिषेक घालावा तसा बागेतला पाइप आमच्यावर धरला. वर हळदकुंकू वाहिलं, कुंकू जरा सांडलं म्हणून पुन्हा पाणी मारलं. माझी जागा जरा खोलगट. सगळं पाणी घरंगळत माझ्याकडे आलं आणि फटीतून आत उतरलं.

पाणी आणि वीज यांचं कधी जमलंय? मी जीव तोडून वीज देत होते आणि ती प्लगपर्यंत पोचायच्या आधीच पाण्यातून भलतीकडे पळत होती. दसऱ्याच्या सकाळी गाडी सुरू झाली ती थंडी भरल्यासारखी थरथरत. समोर पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

उल्हास आयटी सपोर्टवाला. लोकांच्या तक्रारींची 'तिकिटं' बंद करणं हेच त्याचं काम. त्यानं गाडीला दोष वाचणारा स्कॅनर लावला, फोनवर वाचलं, "तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर," म्हणजे तिथं ठिणगी चुकतेय, आणि लगेच एरर पुसून टाकली.

"क्लियर केलं. आता बघ."

दिवा गेला. कोपऱ्यावर पोचेपर्यंत परत आला. त्यानं पुन्हा पुसला, तो पुन्हा आला.

"उल्हास, तू तिकीट क्लोज करतोयस," रेणू म्हणाली. "रूट कॉज काय आहे?"

त्यानं इंटरनेटवर वाचलं आणि निकाल दिला, "कॉइल गेलीय. सगळे हेच म्हणतायत."

चोर सोडून संन्याशाला फाशी! माझा असा संताप झाला म्हणून सांगू! मी पाण्यात उभी राहून इमानानं राबत होते आणि चोर ठरले होते मी. बोलायची सोय नाही, हे आमच्या जातीचं दुखणं.

"या मॉडेलची कॉइल दुकानात नाहीये. ऑर्डर करू, पुढच्या वीकेंडला येईल. आणि तोवर रोज जाऊन-येऊन शंभर मैल भाड्याची गाडी कुठे चालवणार? तू जॉइनिंग पोस्टपोन कर ना यार."

रेणूनं त्याचा फोन हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "सात वर्षं मी पोस्टपोनच होतेय, उल्हास. आता नाही."

शनिवारी दुपारी ती बाह्या सरसावून ड्राइव्हवेमध्ये आली. तिनं मला बाहेर काढलं. माझं टोक ओलं होतं.

"ओली का ही?"

"धुतलीय ना परवा. असणारच."

"असू दे. अंदाज नको, टेस्ट करू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची." तिनं मला कोरडं पुसलं आणि पहिल्या सिलिंडरवर बसवलं, तिथली बहीण माझ्या जागी पाठवली. "कॉइल खराब असेल तर आता एक नंबरला मिसफायर दिसेल. दिसला तर मी स्वतः फोन करून तारीख पुढे मागते."

घोडामैदान जवळच होतं. रेणूची नोकरी आणि माझी अब्रू एकाच किल्लीवर टांगली होती. नव्या जागेवर पाय रोवून मी ठरवलं, एक ठिणगी चुकली तर नावाची कॉइल नाही.

किल्ली फिरली. गाडी थरथरली. उल्हासनं फोनकडे बघितलं.

"तीन," तो म्हणाला. "अजून तीनच."

तीनच! मला तोंड असतं तर अख्ख्या पार्सिपनीला ऐकू गेलं असतं. मी सुटले होते, निर्दोष, डागाशिवाय! नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून लोक हसतात. इथे बाई उत्तम नाचत होती आणि अंगणच वाकडं होतं.

"मग इंजिनच गेलं," उल्हासचा चेहरा पडला.

"कॉइल बदलूनही तीनच येतंय, म्हणजे दोष जागेत आहे. टॉर्च दे." रेणूनं तिथली कॉइल उचलली आणि आत उजेड टाकला. तळाशी पाणी चमकत होतं. लालसर.

"हे कुंकू आहे?" उल्हास वाकून बघत म्हणाला. "म्हणजे... मीच?"

"तूच. भक्ती जरा जास्त झाली."

त्यानं ओशाळून थेट पाना उचलला. "प्लग खोलतो आत्ता."

"थांब! प्लग आत्ता काढलास तर पाणी सरळ सिलिंडरमध्ये जाईल. आधी पाणी उपसू."

आता उपसायचं कशानं? मोठा रबरी फुगा लावलेली एक लांब नळी स्वयंपाकघरातून आली. इथले लोक तिनं भाजत्या टर्की पक्ष्यावर रस सोडतात. ऑफिसच्या ख्रिसमसला भेट म्हणून ती या शुद्ध शाकाहारी घरात येऊन पडली होती. तिचा जन्म त्या दुपारी सार्थकी लागला. सगळं पाणी निघालं. मग जुन्या सुती ओढणीची पट्टी आत फिरली, मग एक्स्टेन्शन लावून हेअर ड्रायर आला. उल्हासनं तो मान खाली घालून बराच वेळ धरला.

रेणूनं बहिणीला पुसून परत बसवलं आणि पुन्हा किल्ली फिरली. आम्ही चौघी एका तालात लागलो. ना थरथर, ना धक्का. बॉनेट लावून रेणूनं वर वाटीभर पाणी ठेवलं, तेसुद्धा हलेना. उल्हासनं टाळ्या पिटल्या.

"आता कर क्लियर," रेणू म्हणाली. "आता तुझा हक्क आहे." दिवा गेला तो गेलाच.

सोमवारी आम्ही निघालो. हायवेला लागताना मागून एक अजस्र ट्रक येत होता. रेणूनं पाय दाबला आणि म्हणाली, "चल गं!" ती गाडीला म्हणाली की मला, कोण जाणे. मी मला म्हणाली असंच धरून चालते. आम्ही चौघींनी अशी काही झेप घेतली की ट्रक आरशात लहान लहान होत गेला.

मला तिनं परत तिसऱ्या जागी नेलं नाही. आता मी पहिल्या सिलिंडरवर असते आणि मजेत आहे. तुमच्याकडे बघून एकच सांगावंसं वाटतं. कुणी अडखळत असेल तर त्याला मोडीत काढण्याआधी एकदा त्याची जागा बदलून बघा.

त्या संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा उल्हास ड्राइव्हवेमध्ये वाट बघत उभा होता. काच खाली होताच त्यानं घाईघाईनं विचारलं, "गाडी कशी चालली?"

"गाडीचं काय विचारतोस?" रेणू हसली. "माझं विचार."

तो दुसऱ्या बाजूनं आत येऊन बसला. "बरं, सांग. अगदी पहिल्यापासून."

ती सांगत राहिली. तिला टेबल कुठलं मिळालं, टीममध्ये कोण आहे, पहिल्याच दिवशी तिनं कुठली चूक पकडली. सांगताना तिचा आवाज चढत होता. आम्ही चौघी हळूहळू निवत होतो आणि ऐकत होतो. माझं कौतुक त्यात एकदाही आलं नाही, आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

येते मी. सकाळी लवकर निघायचंय आम्हाला.