चिंचोक्यांची खिरापत

ढग गेले आणि शरद आला. शुभ्र, शांत, निरभ्र शरद. कृष्णेच्या पाण्यातला गाळ तळाशी बसला, पाणी निवळले, आणि वाईच्या घाटाच्या बुडालेल्या पायऱ्याही एकेक करून दिसू लागल्या. काठाकाठाने उंच गवताचा कास फुलला. पांढराशुभ्र, वाऱ्यावर डुलणारा, कुणीच न लावलेला कास.

अगस्तीचा तारा उगवला की नद्यांचे पाणी निवळते, असे जुनी माणसे सांगतात. सूर्य हस्त नक्षत्रात शिरला की पाटावर तांदळाचा हत्ती रेखायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून विचारायचे, ओळखा खिरापत! हाच हादगा. मुलींचा खेळ. पण मुलींच्या आज्या होतात आणि खेळ आपला तसाच राहतो, कोवळा, वेडा, दर आश्विनात नवा.

यंदा रत्नप्रभेच्या अंगणात आज्यांचा हादगा होता. तो मांडला होता तिच्या सुनेने, अनघाने. डॉक्टरांनी दिलेला एक कागद तिने फ्रिजवर चिकटवला होता. म्हाताऱ्या माणसांना सल्ले द्यायला शरदासारखा दुसरा ऋतू नाही! दही टाळावे. भर उन्हात फिरू नये. दुपारी झोपू नये. मूग, पडवळ, आवळा खावा. रोज थोडे चालावे, चार माणसांत बसावे. आणि अगदी खाली, फक्त रत्नप्रभेसाठी, पेनने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. जुनी गाणी म्हणायला लावा. चुकल्या तर चूक काढू नका.

कारण रत्नप्रभा विसरत चालली होती. आधी किल्ल्या विसरली. मग गल्ली विसरली. मग माणसे. चैत्रात तिने भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहून विचारले, हे गृहस्थ कोण? आणि श्रावणात एका दुपारी, दारात आलेल्या शालिनीला ती हसून म्हणाली, "या, बसा. कुणाकडे आलात?"

शालिनी त्या दुपारी बसली. चहा प्याली. घरी जाऊन मात्र पदर तोंडात धरून रडली.

अडुसष्ट वर्षांची मैत्री होती ती. सात वर्षांच्या असताना जडलेली, दोघींची लग्ने याच गावात झाली म्हणून टिकलेली. शालिनीला सून आई म्हणे, नातवंडे आजी म्हणत, गल्ली काकू म्हणे. नवऱ्याने तर जन्मात कधी नावाने हाक मारली नाही, अगं ऐकलंस का, एवढ्यावरच त्याने संसार निभावला आणि तोही गेला. आईवडील गेले, भाऊ गेला. शाले! अशी हाक मारणारे जगात एकच तोंड उरले होते, आणि ते तोंड आता तिला बसा म्हणत होते.

परवा मुलगा गाडी घेऊन येणार होता. वाईचे घर आवरून झाले होते. आता बेंगळुरू, मुलाचा अकरावा मजला, आणि परत येणे नाही. शालिनीची एकच इच्छा होती. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, शाले ऐकायचे.

म्हणून तिने चिंचोके भाजले.

लहानपणी तिच्या घरी हादग्याला न्यायला काही नसे. इतर मुलींच्या डब्यांत करंज्या असत, खोबऱ्याच्या वड्या असत, साटोऱ्या असत. शालीची आई चिंचोके भाजायची, टरफले काढायची, मीठ लावायची आणि पितळेच्या डब्यात घालून द्यायची. आणि गंमत अशी, की तीच खिरापत जिंकायची! रत्ना म्हणजे कानांची भारी तयार पोर. डबा नुसता हलला की सांगायची, यात लाडू, यात शेव, यात फुटाणे. पण शालीचा डबा आला की तिची मती गुंग व्हायची. "जिलबी!" ती ओरडायची. "बासुंदी! श्रीखंड!" पोरी पोट धरधरून हसायच्या. शेवटी सगळ्या म्हणायच्या, हरलो बाई, हरलो! मग शाली मान उंच करून झाकण उघडायची.

खिरापत कुणालाच न ओळखता येणे, यापरता मान हादग्यात नाही. ठिगळाच्या परकरातल्या त्या पोरीने तो मान वर्षानुवर्षे मिरवला. पुढे रत्नाचे घर मोठे झाले, दागिने झाले, मुले शिकली. शालिनीला कधी हेवा वाटला नाही. मनाच्या एका कोपऱ्यात ती म्हणायची, असू दे, एका गोष्टीत तरी मी तिला हरवत होते.

डब्याचा तो आवाज रत्ना विसरणार नाही, असे शालिनीला वाटत होते. सगळे विसरेल, पण तो आवाज नाही.

संध्याकाळ झाली. हळदीच्या शेतांवरून पिवळा, मऊ उजेड अंगणात उतरला. पाटावर तांदळाचा हत्ती उभा होता, त्याच्या सोंडेशी झेंडू, पाठीवर गुलबक्षी. भोवती आठ आज्या. तिघी उभ्या, पाच खुर्च्यांवर, गुडघ्यांना पट्टे बांधून. फेर धरला तो हातांनीच. खुर्चीतल्या हातात उभ्या बाईचा हात, सुरकुतलेल्या हातात सुरकुतलेला हात.

आणि रत्नप्रभा गायली. स्वतःच्या मुलाचे नाव न आठवणारी रत्नप्रभा एकामागून एक गाणी गायली, एक शब्द चुकली नाही. बाकीच्याच अडखळत होत्या आणि तिच्या ओठांकडे पाहून पुढची ओळ धरत होत्या. अनघा दारात उभी राहून डोळे पुसत होती.

शेवटी शालिनी डबा घेऊन पुढे झाली. रत्नप्रभेच्या कानाशी तिने डबा हलवला. खळ खळ खळ.

रत्नप्रभेने डोळे मिटले. मान किंचित तिरकी झाली, ओठांच्या कडेला काहीतरी हलले. म्हण, रत्ने. म्हण एकदा.

"जिलबी!" रत्नप्रभा म्हणाली.

"बासुंदी!"

"अहो, बासुंदी कधी वाजते होय?" शेजारच्या नलूकाकू हसल्या, आणि अनघाकडे बघून ओशाळल्या.

"श्रीखंड!" रत्नप्रभा टाळी वाजवून म्हणाली. "हरलो बाई, हरलो! उघडा डबा!"

शालिनीने झाकण उघडले. आत पांढुरके, मीठ लावलेले, गोल गोल चिंचोके. आता हे कुणाच्या दातांनी फोडायचे, म्हणून आज्यांमध्ये एकच हशा पिकला. शालिनीला हसू येईना. गेले, तिला वाटले. तो आवाजही गेला. आता काहीच उरले नाही.

तेवढ्यात रत्नप्रभेने तिला बोटाने जवळ बोलावले.

"इकडे या. तुम्ही नवीन दिसता, म्हणून सांगते." ती कानाशी लागली. "वाजला तेव्हाच कळलं होतं मला. चिंचोके. दर वेळी कळतं."

"मग सांगितलं का नाहीत?" शालिनीने विचारले.

"सांगायचं नसतं हो. शालीच्या आईकडे दुसरं काही नसतं. आपण ओळखलं तर पोरी चिडवतात तिला. म्हणून मी आपली जिलबी म्हणते, बासुंदी म्हणते. हरले की कशी खूश होते ती!" मग तिने शालिनीचे मनगट घट्ट धरले. "शालीला बोलू नका हं. शपथ घ्या माझी."

अडुसष्ट वर्षे. उराशी धरलेला प्रत्येक विजय या हातांनी दिलेला होता, आणि तिने एकदाही कळू दिले नव्हते. अगं, मीच शाली, हे शब्द शालिनीच्या ओठांशी आले. तिने दाराशी उभ्या अनघाकडे पाहिले. तिला तो फ्रिजवरचा कागद आठवला. चूक काढू नका.

"शपथ," ती म्हणाली. "नाही सांगणार."

रत्नप्रभेचे समाधान झाले. मग ती इकडे तिकडे पाहू लागली, कासावीस झाली. "पण गेली कुठे ही? डबा इथेच टाकून गेली वाटतं." ती खुर्चीचे हात धरून अर्धवट उठली आणि फाटकाकडे तोंड करून, सात वर्षांच्या खणखणीत गळ्याने तिने हाक मारली.

"शाले! ए शाले!"

शालिनी तिच्या मागेच उभी होती. हात लांबवला असता तर खांद्याला लागला असता.

"ओ," ती हळूच म्हणाली.

रत्नप्रभेने वळून पाहिले नाही. ती फाटकाकडे बघून हसली. "ओ दिली. येतेय," ती म्हणाली, आणि निवांत बसली.

परवाच्या सकाळी गाडी कृष्णेच्या पुलावर आली. खाली पाणी निवळलेले होते, नितळ, निळे, तळापर्यंत. काठावर कास डुलत होता. मुलगा म्हणाला, "आई, तो डबा मागे ठेव की." शालिनीने मान हलवली. डबा मांडीवर होता, दोन्ही हातांत होता. पुलावर खड्डे होते, आणि प्रत्येक खड्ड्याला डबा वाजत होता. खळ खळ खळ. आणि प्रत्येक वेळी, कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, ती ओ देत होती.