ड्रिल ओरडत होतं

ठिणगीने हँडल खाली ओढलं आणि ड्रिल किंचाळलं. बारीक, कानात घुसणारा आवाज. प्लेटमधून धुराची रेघ वर आली, जळक्या तेलाचा वास पसरला. तिने झटकन हँडल सोडलं, मशीन बंद केलं आणि वाकून पाहिलं. ड्रिलचं टोक निळंशार पडलं होतं.

"हळू दाब म्हटलं ना तुला," खुर्चीतून बाबा ओरडले. त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"हळूच दाबतेय, बाबा. अजून किती हळू दाबू?"

"मग स्पीड वाढव."

"वाढवला की. म्हणून तर धूर निघाला."

भोक अर्ध्यावर अडलं होतं. त्याचा तळ आरशासारखा चमकत होता आणि त्यावर ड्रिल नुसतं घसरत होतं. सकाळपासूनचं हे दुसरं ड्रिल. आजवर या वर्कशॉपमध्ये साध्या लोखंडाला खंडीभर भोकं पाडली होती, पण स्टेनलेसची एवढी जाड प्लेट इथे पहिल्यांदाच आली होती. खाडीवरच्या पायपुलासाठी. खाऱ्या हवेने जुना पूल खाल्ला होता, आणि तो उतरवल्यापासून पलीकडची माणसं दवाखान्यासाठीसुद्धा लांबचा वळसा घालत होती. नवा पूल तराफ्यावर तयार होता, काठावर क्रेन उभी होती. आजची मोठी भरती ओसरण्याआधी पूल उचलून बसवायचा होता. भरती हुकली तर पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत सगळं तसंच. आणि पुलाला काठाशी धरून ठेवणाऱ्या प्लेटा इथे टेबलावर होत्या. जास्तीची एकही नव्हती. दुपारी टेम्पो येणार होता.

ठिणगीने दात-ओठ खात पुन्हा हँडल ओढलं. पुन्हा तीच किंकाळी.

"बंद कर! बंद कर ते आधी!"

दारात काका उभे होते. गल्ली ओलांडून धावत आल्यामुळे धापा टाकत होते. एका पायात चप्पल होती, दुसरी बहुधा वाटेत राहिली होती.

ठिणगीने मशीन बंद केलं, पण हात स्विचवर तसाच राहिला. काका या दारात आलेले तिने शाळेत असताना शेवटचे पाहिले होते. कुठलं मशीन घ्यायचं यावरून दोघा भावांचं वाजलं होतं. मग दोघांनी दोन मशीनं घेतली, गल्लीच्या दोन बाजूंना दोन पाट्या लागल्या आणि बोलणं संपलं. सणासमारंभाला दोघे एकाच पंगतीत बसत, पण मधे कोणीतरी बसवून.

"ठिणगे, तुझ्या बापाला विचार," काका म्हणाले, "ते ड्रिल आहे की मांजराची शेपटी?"

"त्याला सांग," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "इथे कोणी बोलावलं नव्हतं."

"बोलावतंय कोण! गल्लीभर ऐकू येतंय. माझे दात आंबले." काका एव्हाना टेबलाशी पोचलेही होते. त्यांनी अर्धवट भोकात बोट घातलं, तळावरून नख फिरवलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा. स्टेनलेसला गोंजारत बसलात होय? घासलं की ते कडक होतं. जितकं हळू दाबाल, तितकं जास्त कडक. ह्याला स्पीड कमी आणि दाब जास्त. सलग! मधे थांबायचं नाही, दम खायचा नाही."

"आणि ड्रिल मोडलं म्हणजे? विचार त्याला."

"निळं पडून मेलंच आहे की ते! त्यापेक्षा मोडलेलं बरं."

ठिणगीला हसू आवरेना. पण काका आता ड्रिल काढून उजेडाशी धरून बघत होते, आणि त्यांचा आवाज उतरला.

"भोकातून धातूचा कीस कसा येत होता गं? दोन्ही बाजूंनी की एकाच?"

तिने आठवून पाहिलं. "एकाच. दुसऱ्या बाजूने नुसती भुकटी."

"धार कोणी लावली?"

"मी," ठिणगी म्हणाली. "बाबांचा हात असा..."

"टोकाच्या दोन धारांपैकी एक लांब, एक आखूड. सगळं काम एकच बाजू करतेय, दुसरी नुसती घासत चाललीय. म्हणून भोकही मोठं पडतंय बघ." काकांनी रागावायला तोंड उघडलं, पण तिच्याकडे बघून मिटलं. "पहिल्यांदा लावलीस?"

"हो."

"मग वाईट नाही. पळ, माझ्या कपाटात वरच्या खणात कोबाल्टचं कडक ड्रिल आहे, फडक्यात गुंडाळलेलं. आणि धार मोजायचं गेज आण. पळ पळ!"

ती पळाली. काकांचं वर्कशॉप उघडंच होतं. आत शिरताच तिची पावलं मंदावली. जमीन झाडून लख्ख. कुठे कीस नाही, तेलाचा डाग नाही. खिडकीखाली, जिथे मशीन असायचं, तिथे सिमेंटचा चौथरा होता आणि त्यातून चार बोल्ट वर आलेले. त्यांचे आटे पुसून, ग्रीस लावून ठेवले होते. मशीन मात्र नव्हतं. मग कपाट उघडून फडकं घेतलं, गेज घेतलं आणि परत धावली.

"सापडलं?" काकांनी विचारलं. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"सापडलं," ती म्हणाली. आणि नजर चुकवून फडकं टेबलावर उलगडलं.

पुढचा वेळ कसा गेला, ते तिला नंतर सांगता आलं नसतं. काकांनी कोबाल्टच्या ड्रिलला ग्राइंडरवर धार दिली. बाबा खुर्चीतून उठले आणि डाव्या हाताने बल्ब धरून उभे राहिले.

"डावीकडे जरा जास्त होतंय, सांग त्याला."

"मला दिसतंय, सांग त्यांना."

"दिसतंय तर थांब म्हणावं!"

ठिणगी कोणालाच काही सांगत नव्हती. तिने पट्टा मोठ्या पुलीवर चढवून स्पीड उतरवला, प्लेटचे क्लँप आवळले, तेलाचा डबा हाताशी घेतला. अर्धवट प्लेट बाजूला ठेवून कोरी प्लेट लावली.

"आता दाब," काका म्हणाले. "वजन टाक. घाबरू नको."

तिने अंगाचा भार हँडलवर टाकला. ड्रिल टेकलं, क्षणभर कुरकुरलं आणि मग आवाजच बदलला. खोल, भरीव घरघर. आणि टोकापासून कीस वर येऊ लागला. दोन्ही बाजूंनी. सारख्या जाडीच्या दोन लांबलचक स्प्रिंगा, चकचकीत, एकमेकींभोवती फेर धरल्यासारख्या.

"दोन्हीकडून!" ती ओरडली. "काका, दोन्हीकडून येतोय!"

"थांबू नको! तेल, तेल! दादा, तेल घाला!"

बाबांनी बल्ब काखेत धरून तेल ओतलं, निम्मं प्लेटवर, निम्मं स्वतःच्या प्लास्टरवर. ड्रिल आरपार गेलं तेव्हा तिघेही एकदम ओरडले. शेजारचा शिंपी मान बाहेर काढून बघून गेला.

मग एकामागून एक प्लेटा उतरत गेल्या. ठिणगीचे खांदे भरून आले, केसांत कीस अडकला, पण तिला थांबवेना. प्रत्येक भोकागणिक तो आवाज तिच्या हातात बसत होता. शेवटी टेबलावर एकच प्लेट उरली. सकाळची, अर्ध्या भोकाची.

काकांनी तळावर पुन्हा नख फिरवलं. मान हलवली. "हिचं कातडं फार कडक झालंय. धारदार ड्रिलसुद्धा वरून घसरेल. चांगलं ड्रिल घालवून बसू."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. बाबा खाली बसले. एका प्लेटेवाचून पुलाचा एक कोपरा तसाच राहणार होता, आणि अर्धवट धरलेल्या पुलावर कोणी पाय ठेवू देणार नव्हतं.

ठिणगी प्लेटकडे बघत राहिली. मग तिने प्लेट उचलली आणि पालथी घातली.

"हे काय करतेस?"

"कडक झालंय ते वरून ना? मागून गेलं तर? मागची बाजू कोरी आहे. ड्रिल सुरुवातीपासून नीट कापत जाईल. कडक भाग शेवटी येईल, तोही पाठीमागून. तोवर ड्रिल घसरायला जागाच नाही."

दोघे भाऊ प्लेटवर वाकले. मग एकमेकांकडे बघत एकाच वेळी म्हणाले,

"होईल की!"

मागच्या बाजूची खूण काकांनी केली. मापं बाबांनी तोंडी सांगितली, काकांनी परत मोजली आणि पहिल्यांदाच वाद घातला नाही. ठिणगीने टोकदार पंचाने खुणेवर ठोका मारला, ड्रिल टेकवलं, वजन टाकलं. दोन्हीकडून कीस आला. खोल गेलं, अजून खोल. मग आवाज जरा वर चढला. तिला कळलं, आता कडक भाग. हात ढिला सोडावासा वाटला. तिने उलट पाय जमिनीत रोवले आणि आणखी दाबलं. एक कडकडाट झाला आणि प्लेटखाली ठेवलेल्या लाकडाचा भुसा वर आला.

आरपार!

काकांनी गरमागरम प्लेट उचलली, बोटं भाजली, शिवी हासडली, आणि भोकातून ठिणगीकडे एक डोळा मिचकावला. टेम्पोवाल्याने प्लेटा चढवल्या, "पुलावर भेटू!" म्हणत धूळ उडवत निघून गेला.

खाडीवरून फोन आला तेव्हा तिघे दारात चहा पीत होते. ठिणगीने ऐकलं आणि फोन हातात तसाच धरून नाचली.

"बसले! सगळे बोल्ट बसले! एकही भोक वाढवावं लागलं नाही. पलीकडची माणसं आत्ताच काठावर जमलीत म्हणे!"

"सांग त्याला," बाबा म्हणाले, आणि थांबले. कप खाली ठेवला. समोर गल्लीपलीकडचं उघडं दार दिसत होतं. मग त्यांनी मान वळवून सरळ भावाकडे पाहिलं.

"बरेच दिवस तुझ्या मशीनचा आवाज आला नाही."

काका बोटावरचा भाजलेला डाग चोळत राहिले. "हो," म्हणाले.

बाबा पुढे काही विचारणार नाहीत, हे ठिणगीला कळलं, आणि आता काहीतरी बोलायला हवं, हेही.

"बाबा, मला धार लावायला शिकायचंय. नीट. तुमचा हात बरा व्हायला वेळ आहे."

बाबांनी मान डोलावली.

"सकाळी ऊन दारात आलं की वर्कशॉप उघडतो आपण," ते भावाला म्हणाले.

काकांनी कप उचलला होता, तो तसाच हवेत राहिला. मग ते ताडकन उठले.

"ऊन दारात येईपर्यंत? आणि तेल कधी घालायचं, पट्टा कधी बघायचा? ठिणगे, किल्ली माझ्याकडे दे. यांच्या भरवशावर राहिलो तर दुपार उजाडेल!"