मागच्या गेटवर कानबाई

मुंबईच्या कंपनीचं हेड ऑफिस तापीकाठच्या आमच्या कोसाडला येणार, ही बातमी आली तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले होते. खोटं नाही सांगत, मी स्वतः खाल्लाय. आमच्यातल्या कुणाच्या घरी मुलगा झाला असता तरी एवढा आनंद झाला नसता. सरलाबाईंनी तर चहाच्या टपरीसमोर नवी बाकडी टाकली, साहेब लोक येतील म्हणून. साहेब लोकांचा चहा आतल्या आत मशीनमधून निघतो, हे त्या बिचारीला कोण सांगणार? बाकड्यांवर आता कुत्री झोपतात.

ऑफिसच्या आधी आली ती भिंत. मग जमिनीचे भाव चढले आणि ललित ज्या कापड विणायच्या लूम्सच्या कारखान्यात होता, त्याच्या मालकानं कारखाना मोडून जागा विकून टाकली. ललित म्हणजे माझा नवरा. पाठोपाठ भाडी चढली. आमच्या घरमालकानं तर दारात उभं राहून ऐकवलं, कंपनीत पक्का माणूस घरात असेल तर राहा, नाहीतर मुंबईहून आलेल्या लोकांना खोल्या हव्याच आहेत. ज्या कंपनीनं लूम्स बंद पाडले तिच्याच गेटवर ललित एजन्सीमार्फत गार्ड म्हणून उभा राहिला. पोट भरायचं तर रुसून चालत नाही.

उद्घाटन झालं की काही गार्डना कंपनी स्वतःच्या नोकरीत घेणार होती, आणि त्यात ललितचं नाव होतं. मला तेवढंच हवं होतं. लोक म्हणतात बाईनं अशी हाव धरू नये. त्या लोकांच्या दारात घरमालक उभा नव्हता.

अडचण एवढीच होती की आमची तापीवर जायची वाट त्या भिंतीच्या आत गेली होती. आणि श्रावणात त्याच वाटेनं कानबाई जाते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई बसते. चौरंगावर नारळाला नथ घालून देवी मांडायची, रात्र गाण्यांत जागवायची आणि सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर न्यायची. सोसायटीत मानाची कानबाई आमची. त्यामुळे माझ्या सासूबाई, मंगलाबाई, सगळ्यांच्या पुढे चालतात आणि बाकीच्या बाया मागून. त्या जिकडे वळतील तिकडे मिरवणूक वळते. आमच्याकडे याचे दोन नियम फार कडक. चौरंग एकदा उचलला की कानबाई मागे फिरत नाही. आणि गहू निवडायला घेतल्यापासून देवी नदीवर पोचेपर्यंत घरात वाद काढायचा नाही. कुणी कुणाला टोचून बोलायचं नाही, अडचणीचा विषयसुद्धा काढायचा नाही. देवीसमोर घर हसतं हवं.

उन्हाळ्यात कंपनीच्या एका साहेबानं सोसायटीत येऊन सांगितलं होतं, "काळजी नको, त्या दिवशी सकाळी गेट उघडून देऊ." बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. कंपनीच्या मोठ्या शेठच्या ज्योतिष्यानंही उद्घाटनाला नेमका तोच श्रावणी सोमवार काढला. मग हुकूम सुटला, सोमवारी कुठल्याही गेटमधून बाहेरचं माणूस आत येता कामा नये. गेट उघडणारा गार्ड त्याच दिवशी घरी.

शनिवारी ललित हे ऐकून आला तेव्हा सासूबाई गहू निवडायला बसल्या होत्या. तो माझ्या कानात म्हणाला, "मायला तू सांग."

"मी का? माय तुमची."

"आता नको. गव्हाला हात लागलाय."

झालं. तो गप्प, मी गप्प. सोसायटीतल्या प्रशांतनं सासूबाईंनाही हुकमाची बातमी दिली होती, हे मला नंतर कळलं. प्रशांत म्हणजे आमचा पुढारी, गळ्यात कायम भगवा रुमाल आणि आवाज कायम वरच्या पट्टीत. तो त्यांना म्हणाला होता, "काकू, पुढच्या गेटनंच जायचं. वाट आपल्या बापजाद्यांची. बघू कोण अडवतं." सासूबाईही घरात एक शब्द बोलल्या नाहीत. रविवारी आम्ही तिघं शेजारी बसून पुरणपोळ्या जेवलो, एकमेकांना आग्रह केला, हसलो. एवढी गोड माणसं आमच्या घरात मी लग्न झाल्यापासून पाहिली नव्हती.

सोमवारी पहाटे युनिफॉर्म चढवताना ललित म्हणाला, "सुपरवायझरच्या पाया पडून ड्युटी बदलून घेतलीय. पुढच्या गेटऐवजी मागच्या. तिथं कचऱ्याची गाडी सोडून कुणी येत नाही. पुढे जे व्हायचं ते होऊ दे, माझ्यासमोर नको." मला हायसं वाटलं. नवरा हुशार निघाला, असंच मला वाटलं.

मिरवणूक निघाली. ढोल, झेंडे, फुगड्या, चिखल. सासूबाईंच्या डोक्यावर चौरंग आणि त्यांच्या पाठीशी मी. कंपनीच्या भिंतीपाशी रस्ता फुटतो, एक पुढच्या गेटकडे, एक मागच्या बोळात. प्रशांत आणि त्याची पोरं पुढच्या रस्त्याला लागली. सासूबाई वळल्या बोळात.

मी त्यांच्या कानाशी गेले. "आई, इकडून नको. पुढच्या गेटनं चला."

"पुढे मना पोऱ्या उभा शे," त्या म्हणाल्या. "त्याना तोंडवर कशी जाऊ मी? मांगे कोणी दुसरा व्हई."

"आई, ते पुढे नाहीत. त्यांनी ड्युटी बदलून घेतलीय. ते मागेच आहेत!"

त्यांचं पाऊल थबकलं. चौरंगावरची नथ हलली. मागे सगळी मिरवणूक बोळात शिरली होती. "आधी का नही सांगं माले?"

"कानबाई बसली होती ना."

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले आणि चालायला लागल्या, कारण कानबाई मागे फिरत नाही. एकमेकांना वाचवायला म्हणून दोघं निघाले होते आणि बरोबर एकमेकांसमोर येऊन उभे राहणार होते.

ललितनं आधी ढोल ऐकले असतील, मग आईला पाहिलं. गजांच्या पलीकडे त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कंबरेला चावी होती, हातात वॉकीटॉकी. सासूबाई गेटसमोर उभ्या राहिल्या. ढोल हळूहळू थांबले.

तेवढ्यात प्रशांत आणि पोरं मागून धावत आली. "अरे, आपलाच गार्ड! ललित, उघड पटकन."

"हुकूम नाही, प्रशांत."

"हुकूम? तुझी माय उभीय डोक्यावर देवी घेऊन, आणि तू हुकूम सांगतोस?"

पोरांनी गज धरले आणि गेट गदागदा हलवलं. भिंतीपलीकडून पुढच्या बाजूची सनई ऐकू येत होती. मोठ्या शेठच्या गाड्या आत येत असणार. वॉकीटॉकी खरखरली. "पीछे आवाज कैसी है? ललित, गेट नहीं खुलना चाहिए. पुलिस भेजूँ क्या?"

पोलीस म्हटल्यावर मागच्या बाया एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर लेकरं होती. बोळ अरुंद, दोन्हीकडे भिंत. इथं लाठी उगारली तर पळायला जागा नव्हती. सासूबाईंची मान थरथरायला लागली होती. त्यांना मणक्याचा त्रास आहे, डॉक्टरनं वजन उचलायला मनाई केलीय, आणि चौरंग खाली टेकवायचा तर तो थेट नदीवरच. ललितला हे सगळं ठाऊक होतं. तो आईच्या मानेकडेच बघत होता.

त्याचा हात चावीकडे गेला.

आणि मी ओरडले, "अहो, उघडू नका!"

सगळा बोळ माझ्याकडे वळला. प्रशांत म्हणाला, "वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूनं?"

"माझ्या घराच्या!" मी म्हटलं. "उद्या घरमालकानं सामान बाहेर काढलं तर तू येणार आहेस का उचलायला? तुझी वाट तुला लखलाभ!" रागानं म्हणा, भीतीनं म्हणा, देवीसमोर आवाज चढवला होता, आणि मला त्याची लाजसुद्धा वाटली नाही.

ललितचा हात चावीवर तसाच थांबला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत. मग त्यानं हात काढला. गजांजवळ आला आणि अगदी हळू, लहानपणी बोलत असेल तसा, म्हणाला, "माय, फिर ना मागे."

मागे कुणीतरी बाई "अगं माय" म्हणाली.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देतील, आता रडतील, आता पोरांना म्हणतील तोडा गेट. तोडा म्हटलं असतं तर पोरांनी तोडलंच असतं.

"मी तिनं तोंड नही फिरावसू," त्या देवीबद्दल म्हणाल्या. मग मान न वळवता मागच्यांना हुकूम सोडला, "सरका मांगे समदा."

आधी कुणाला कळलंच नाही. मग त्यांनी एक पाऊल मागे टाकलं. देवीचं तोंड गेटकडे, त्यांचंही तोंड गेटकडे, आणि पाय मात्र मागे. कानबाई फिरली नाही, फक्त लांब जायला लागली. मी घाईनं त्यांच्या पाठीला हात लावला, कारण मागे काय आहे ते त्यांना दिसणार नव्हतं. "डावीकडे चिखल आहे, आई. दगड आहे. आता सरळ." ढोलवाले मागे सरकले, झेंडे सरकले, लेकरं आयांच्या पायांत अडखळत सरकली. कुणीही गेटकडे पाठ केली नाही. प्रशांतच्या पोरांनी गज सोडले. देवीच निघाली म्हटल्यावर ती तरी कुणासाठी भांडणार?

पूर्ण बोळ आम्ही तसेच मागे चाललो. सासूबाईंची नजर ललितवरून हलली नाही, आणि ललितलाही दुसरीकडे बघता येईना. तो गजांमागे उभा होता आणि त्याची आई एकेक पाऊल त्याच्यापासून मागे जात होती. मी त्यांच्या खांद्यावरून त्याला बघत होते. वॉकीटॉकीवर सुपरवायझरनं पुन्हा विचारलं असावं, कारण त्यानं ती तोंडापाशी नेली आणि बोळात त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "कुछ नहीं सर. सब क्लियर है."

रस्ता फुटतो तिथं पोचल्यावर सासूबाई बाजूला, पुलाकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागल्या. ट्रक, रिक्षा, हॉर्न यांच्यातून लांबचा वळसा घालत आम्ही नदीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चौरंग उतरवला तरी त्यांची मान सरळ होईना. मी त्यांना धरून घरी आणलं. वाटेत त्या माझ्याशी वाकडं बोलल्या नाहीत, आणि मला ते जास्त लागलं.

संध्याकाळी ललित घरी आला. उद्घाटन छान झालं होतं. मागचा प्रसंग नीट हाताळला म्हणून साहेबानं त्याची पाठ थोपटली होती आणि पक्कं केल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी ऐकलं आणि देवाला हात जोडले. घर राहिलं होतं, नोकरी राहिली होती, मला हवं ते सगळं मिळालं होतं. तरी शेजारची अनुसया दारावरून जाताना आत न बघता गेली तेव्हा माझे डोळे भरून आले.

जेवायला रोट होते, कानबाईच्या प्रसादाच्या जाड पोळ्या. कानबाईच्या रोटाच्या पिठात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठभर गहू घातलेला असतो, आणि तो रोट फक्त घरच्यांनीच खायचा असतो. ललितनं हात-पाय धुतले, पाटावर बसला. सासूबाईंनी मानेला पंचा गुंडाळला होता. मी वाढते म्हटलं तरी त्यांनी ऐकलं नाही. स्वतः वाढलं, त्याच्या रोटावर तूप सोडलं.

ललित खाली मान घालून म्हणाला, "माय, पुढच्या वर्षी असं होणार नाही. आता मी पक्का झालोय, साहेबांशी आधीच बोलून ठेवीन. कुठल्या गेटनं आणशील तेवढं फक्त सांग."

सासूबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली. आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ कमी पडलंय, असं सांगावं तशा त्या म्हणाल्या, "जठे तू उभा नही ऱ्हाशी, तठून."

ललितनं घास तोंडात घातला. तो त्याच्यानं गिळवेना, आणि रोट टाकायचा नसतो, म्हणून तो कितीतरी वेळ चावत राहिला.